परकीय मदतीचा खर्च कोणाच्या नावावर? नर्मदाकाठच्या तेहतीस गावांचा पुरावा

एका देशाने किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेने दुसऱ्या देशाला अनुदान, सवलतीचे कर्ज, धान्य किंवा तांत्रिक साहाय्य दिले की त्याला परकीय मदत म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर या मदतीचा एक स्वतंत्र अभ्यासविषय झाला. त्यात सर्वांत अधिक चर्चा झाली ती एका प्रश्नाची : मदत मिळालेला देश तिच्यामुळे पुढे जातो का? दुसरा प्रश्न बराच काळ मागे राहिला. मदतीतून उभ्या राहणाऱ्या कामाची किंमत नेमकी कोणाला मोजावी लागते, आणि ती माणसे कर्ज मंजूर होण्याआधी मोजली जातात का? हा प्रश्न जगाच्या चर्चेत आणण्यात जुन्या धुळे जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या गावांचा वाटा फार मोठा आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि ही गावे त्यात गेली. ज्या वर्षांत सरदार सरोवर धरणाचा वाद पेटला होता, त्या वर्षांत मात्र त्यांचे जिल्ह्याचे ठिकाण धुळेच होते.

ही गावे ज्या खान्देशात येतात त्याला परदेशी मदतीची ओळख त्याआधीपासून होती. १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणाऱ्या पिढीच्या तोंडी रेशनवरची लाल मिलो ज्वारी आणि लहान मुलांना वाटलेली सुकडी आजही येते. पण ती मदत तात्पुरती होती. त्या दुष्काळात महाराष्ट्र तरला तो मुख्यतः दुष्काळी कामांवर मिळालेल्या मजुरीमुळे, हे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी आपल्या अभ्यासात तपशिलाने मांडले आहे. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना आली आणि तिला १९७७ च्या कायद्याचा आधार मिळाला. या ठिकाणी देशातल्या उपायाचे वजन परदेशी धान्यापेक्षा जास्त ठरले. एकूण भारताच्या बाबतीतही हेच दिसते. अलीकडच्या दशकांत देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत परकीय मदत एक टक्क्याहून कितीतरी कमी आहे. म्हणूनच तिचा अभ्यास केवळ रकमेवरून करता येत नाही. रकमेबरोबर कोणत्या अटी येतात, कोणती माहिती मागितली जाते आणि कोणती मागायची राहून जाते, हे पाहावे लागते.

नर्मदा नदी मध्य प्रदेश आणि गुजरात यांच्या दरम्यान सुमारे ५४ किलोमीटर अंतर महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरून वाहते. सातपुड्याच्या उतारावर अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतील मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही गावे या काठावर वसली होती. वस्ती भिल्ल, पावरा, तडवी, वसावे यांची. पावसाळी शेती, मासेमारी, गुरे आणि जंगलातला मोह, चारोळी, डिंक यांवर घर चाले. या डोंगरात पाड्यापाड्यांवर पसरलेल्या शेतजमिनीपैकी पुष्कळ जमीन वनखात्याच्या नावावर होती. कसणाऱ्याच्या पिढ्या तिथे गेल्या तरी त्याच्या हाती सातबारा नव्हता. पुढचा सारा वाद समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण भरपाईची यादी सातबाऱ्यावरून तयार होते.

नर्मदेवरील, गुजरातमधल्या सरदार सरोवर धरणाबाबत नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला. या निवाड्यात पुनर्वसनाच्या तरतुदी होत्या आणि त्या काळाच्या मानाने त्या पुढारलेल्या होत्या. जमीन गमावणाऱ्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, आणि सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंबाचा दर्जा, असे त्यात म्हटले होते. पण ज्यांना हे मिळायचे त्यांची संख्या लवादासमोर फार लहान होती. महाराष्ट्रातील २७ गावांतली ४५६ कुटुंबे, एवढाच आकडा निवाड्यात आला. पुढे बुडितातल्या गावांची संख्या ३३ झाली आणि कुटुंबांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली. तिन्ही राज्ये मिळून २४५ गावे बाधित धरली गेली : गुजरातमधली १९, महाराष्ट्रातली ३३ आणि बाकीची मध्य प्रदेशातली. म्हणजे मूळ हिशेबात महाराष्ट्रातल्या बहुसंख्य धरणग्रस्तांचे अस्तित्वच धरलेले नव्हते.

विश्व बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलर मंजूर केले. त्यात २० कोटींचे कर्ज आणि २५ कोटींचे सवलतीचे साहाय्य होते. बँकेकडे तेव्हा धोरण नव्हते असे म्हणता येत नाही. सक्तीने उठवल्या जाणाऱ्या लोकांच्या पुनर्वसनाबाबत तिने १९८० मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यामागे बँकेतले समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांचा आग्रह होता. आदिवासींबाबतचे धोरण १९८२ मध्ये आले. मानववंशशास्त्रज्ञ थेयर स्कडर यांना बँकेने १९८३ मध्ये या प्रकल्पाच्या पुनर्वसनाची स्थिती पाहायला पाठवले होते. एवढे असूनही करार झाला तेव्हा बाधितांची पक्की यादी तयार नव्हती, जमीन कुठे देणार याचा नकाशा नव्हता आणि भारत सरकारची पर्यावरणविषयक मंजुरीही नव्हती. ती मंजुरी सशर्त स्वरूपात जून १९८७ मध्ये आली, म्हणजे कर्जानंतर दोन वर्षांनी. धोरण कागदावर असणे आणि ते कर्जाच्या निर्णयाला बांधलेले असणे यांत किती अंतर असते, याचे मदतविषयक वाङ्मयात इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

मोजणीतली ही उणीव भरून काढायला सुरुवात झाली ती गावांतून. टाटा समाजविज्ञान संस्थेतून संशोधनाच्या निमित्ताने आलेल्या मेधा पाटकर १९८५ च्या सुमारास या खोऱ्यात पायी फिरू लागल्या. १९८६ मध्ये धुळे जिल्ह्यात नर्मदा धरणग्रस्त समिती स्थापन झाली. समितीचे सुरुवातीचे प्रश्न साधे होते : पाणी कुठपर्यंत येणार, आमचे गाव त्यात आहे का, जमीन कुठे मिळणार, कोणाच्या नावावर मिळणार? या प्रश्नांना सरकारी कार्यालयांत एकसारखी उत्तरे मिळत नव्हती. वनजमीन कसणारा ‘अतिक्रमणदार’ ठरत होता आणि म्हणून जमिनीच्या हक्कातून वगळला जात होता. गुजरातने १९८७ मध्ये आपल्या धोरणात भूमिहीन, अतिक्रमणदार आणि सज्ञान मुलगे यांनाही दोन हेक्टर देण्याची तरतूद केली. महाराष्ट्राचे धोरण त्याहून तोकडे राहिले. त्यामुळे एकाच धरणाखाली बुडणाऱ्या शेजारच्या दोन गावांना, केवळ राज्याची सीमा मधून जाते म्हणून, वेगवेगळे हक्क मिळत होते. ‘अघोषित प्रकल्पग्रस्त’ हा शब्दप्रयोग नंदुरबारच्या सरकारी आणि चळवळीच्या भाषेत रुजला, तो याच वगळण्यातून. महाराष्ट्रातल्या पुनर्वसनाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. तिच्या पाहणीतले निष्कर्ष आणि गावकऱ्यांचे म्हणणे अनेक ठिकाणी जुळत गेले, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

वाद हळूहळू देशाबाहेर गेला. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीसमोर या प्रकल्पाबाबत साक्षी झाल्या. १९९० मध्ये जपानने धरणाच्या जनित्रांसाठीचे पुढचे कर्ज थांबवले. डिसेंबर १९९० मध्ये गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे अडवलेला धरणग्रस्तांचा मोर्चा आणि त्यानंतरचे दीर्घ उपोषण यांच्या पाठोपाठ बँकेने स्वतःच्या प्रकल्पाची स्वतंत्र फेरतपासणी करण्याचे मान्य केले. चालू प्रकल्पाची अशी तपासणी बाहेरच्यांकडून करून घेण्याची बँकेच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ होती. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स तिचे अध्यक्ष होते आणि कॅनडातील न्यायविद थॉमस बर्जर उपाध्यक्ष होते.

मोर्स समितीचा अहवाल जून १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. परकीय मदतीच्या संशोधनात त्याला मैलाचा दगड मानतात. समितीचे लोक तिन्ही राज्यांतल्या गावांत गेले, घरांत बसले, बँकेच्या फायली त्यांनी वाचल्या आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. निष्कर्ष स्पष्ट होते. माणसांवर होणाऱ्या परिणामांचे पुरेसे मूल्यमापन बँकेने किंवा भारत सरकारने केलेले नव्हते. किती लोक उठणार याचा भरवशाचा अंदाज नव्हता. कालव्यांमुळे जमीन गमावणाऱ्यांना धरणग्रस्त मानलेच गेले नव्हते. आदिवासींच्या जमिनीवरील वहिवाटीला ‘अतिक्रमण’ म्हणणे बँकेच्या स्वतःच्या आदिवासी धोरणाशी विसंगत होते. पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास अपुरा होता. नदीच्या पाण्याच्या अंदाजांबाबतही समितीने शंका नोंदवल्या. बँकेने या प्रकल्पातून एक पाऊल मागे घेऊन त्याचा नव्याने विचार करावा, असे समितीने सुचवले.

या अहवालाचे मोल त्याच्या पद्धतीत आहे. मदतविषयक अभ्यासाची तोपर्यंतची रीत अशी की खर्च आणि लाभ यांची रक्कम काढायची, त्यांचे गुणोत्तर मांडायचे आणि ते अनुकूल असेल तर कर्ज द्यायचे. या हिशेबात नुकसान हा एक आकडा असतो. ते कोणाचे, हे त्यात दिसत नाही. सौराष्ट्र-कच्छला मिळणारे पाणी आणि मणिबेलीचे बुडणारे शेत एकाच बेरजेत येतात, आणि बेरीज धन आली की शेत गेल्याची नोंद मिटते. मोर्स समितीने बेरीज करण्याआधी दोन्ही बाजूंची माणसे विचारात घेतली. कच्छच्या तहानेचे महत्त्व नाकारण्याची यात गरज नाही. ती तहान खरी होती आणि आहे. पण तिच्यासाठी दुसऱ्याचे घर घ्यायचे असेल तर त्या घराची नोंद आधी व्हायला हवी, हा या अहवालाचा गाभा आहे आणि तो बरोबर आहे.

बँकेची प्रतिक्रिया लगेच बदलाची नव्हती. ऑक्टोबर १९९२ मध्ये तिच्या संचालक मंडळाने सहा महिन्यांच्या मुदतीत काही कसोट्या पूर्ण करण्याच्या अटीवर कर्ज चालू ठेवले. मतदानात अनेक धनिक देशांचे प्रतिनिधी विरोधात गेले. मार्च १९९३ मध्ये, मुदत संपत आली असताना, भारत सरकारने कर्जाची उरलेली रक्कम न घेण्याचे जाहीर केले. त्याच सुमारास मणिबेलीतली घरे हलवली जात होती आणि त्या पावसाळ्यात पाणी गावात शिरले. धरण मात्र थांबले नाही. गुजरातने रोखे काढून पैसा उभा केला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने काम सुमारे ८० मीटर उंचीवर थांबले, आणि १८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने, दोन विरुद्ध एक मतांनी, ते टप्प्याटप्प्याने पुढे नेण्याची परवानगी मिळाली. धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीला पोहोचून १७ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्राला अर्पण झाले.

इथे मदतीच्या अभ्यासकांना एक अवघड वस्तुस्थिती दिसते. दाता निघून गेला की त्याच्या अटीही निघून जातात. बँकेच्या माघारीने चळवळीचे म्हणणे खरे ठरले, पण बँकेच्या कसोट्या ज्यांच्या बाजूने वापरता आल्या असत्या ते लोक त्या कसोट्यांनाही मुकले. त्यापुढची पुनर्वसनाची लढाई राज्य सरकारच्या कार्यालयांत आणि न्यायालयांत लढावी लागली. तळोदा तालुक्यातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन पुनर्वसनासाठी मोकळी केली गेली. तिथे सोमावल, रोझवा अशा वसाहती उभ्या राहिल्या. मणिबेली आणि आसपासच्या गावांतली काही कुटुंबे गुजरातमधील परवेटा येथे गेली. एका गावाची अशी वाटणी झाल्यावर नातीगोती, पंचायत, देवस्थाने, गुरांची चराई यांचे काय झाले, हे कोणत्याही कर्जकरारात मोजलेले नाही.

जगासाठी मात्र या प्रकरणाचा परिणाम मोठा झाला. १९९२ मध्येच बँकेच्या अंतर्गत वापेनहान्स अहवालाने तिच्या प्रकल्पांपैकी एक तृतीयांशाहून अधिक असमाधानकारक असल्याचे दाखवले होते. कर्ज मंजूर करून घेण्याकडे कर्मचाऱ्यांचे लक्ष, त्याच्या अंमलबजावणीकडे कमी, हे त्याचे कारण सांगितले गेले. मोर्स आणि वापेनहान्स या दोन अहवालांच्या दबावाखाली सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेच्या प्रकल्पामुळे नुकसान झालेल्या लोकांना आपल्या सरकारला वगळून थेट तक्रार करण्याचा हा पहिला मार्ग. या मंडळाकडे पहिली तक्रार नेपाळच्या अरुण-३ प्रकल्पाबाबत १९९४ मध्ये आली, आणि पुढच्या वर्षी बँकेने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. आशियाई विकास बँकेसह इतर बँकांनीही पुढे अशा यंत्रणा उभ्या केल्या. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी बँकेच्या मोठ्या धरणांच्या कर्जांना स्थगिती मागणारे जो जाहीरनामा काढला, त्याला मणिबेलीचे नाव दिले गेले. त्याच वर्षी बँकेने स्वतःच्या सर्व विस्थापनांचा आढावा घेतला. विकासप्रकल्पांमुळे जगात दरवर्षी सुमारे एक कोटी माणसे उठवली जातात, असा त्याचा अंदाज होता. सर्निया यांनी याच काळात विस्थापनाने येणाऱ्या दारिद्र्याच्या आठ जोखमी मांडल्या. भूमिहीनता, बेरोजगारी, बेघरपणा, अन्नाची असुरक्षितता आणि सामूहिक साधनांचा ऱ्हास त्यांपैकी. अक्राणीतल्या कोणत्याही जाणत्या माणसाने ही यादी आपल्या अनुभवातून सांगितली असती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक धरण आयोगावर मेधा पाटकर सदस्य होत्या. त्याचा अहवाल नोव्हेंबर २००० मध्ये आला.

मदतीने देश पुढे जातो का, हा अर्थशास्त्रातला वाद या काळात वेगळ्याच दिशेने चालला होता. पॉल मोस्ले यांनी १९८७ मध्ये एक कोडे मांडले : स्वतंत्र प्रकल्प तपासले तर बरेच यशस्वी दिसतात, पण साऱ्या देशाच्या पातळीवर मदतीचा वाढीवर परिणाम सापडत नाही. बर्नसाइड आणि डॉलर यांनी २००० मध्ये चांगले आर्थिक धोरण असलेल्या देशांत मदत उपयोगी पडते असा निष्कर्ष काढला. ईस्टर्ली, लेव्हिन आणि रूडमन यांनी २००४ मध्ये अधिक आकडेवारी घेऊन तोच अभ्यास केला, तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. त्यानंतर अनेक अभ्यासक देशांची तुलना सोडून छोट्या, नेमक्या प्रश्नांच्या प्रयोगांकडे वळले. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले ते याच कामासाठी.

धरणांबाबत दुफ्लो आणि रोहिणी पांडे यांचा २००७ चा अभ्यास खान्देशासाठी जवळचा आहे. भारतातल्या जिल्ह्यांची आकडेवारी घेऊन त्यांनी दाखवले की धरणाच्या खालच्या भागातल्या जिल्ह्यांत शेतीउत्पादन वाढते आणि दारिद्र्य घटते. ज्या जिल्ह्यात धरण उभे आहे तिथे मात्र दारिद्र्य वाढते. लाभ आणि तोटा वेगवेगळ्या लोकांच्या वाट्याला येतात, हे गावकऱ्यांचे म्हणणे त्यातून आकड्यांच्या भाषेत सिद्ध झाले. पण या मांडणीलाही मर्यादा आहे. तिच्यात जिल्हा हे एकक आहे आणि तुलना मुख्यतः धरणाचा जिल्हा व त्याच्या खालचे जिल्हे यांची. सरदार सरोवराची भिंत गुजरातेत आहे आणि तिचे पाणी वर, जुन्या धुळे जिल्ह्यातही साचले. भिंत एका राज्यात आणि बुडीत दुसऱ्या राज्यात असले की नुकसानीचा जिल्हा हिशेबातून निसटतो. शिवाय जिल्ह्याच्या सरासरीत साक्री-शिरपूरची शेती आणि अक्राणीचे पाडे एकत्र मिसळतात. सरासरीने दाखवलेले दारिद्र्य आणि डोमखेडीतले दारिद्र्य एक नव्हे.

खान्देशात विश्व बँकेचा पैसा पुन्हा आला तो तापीच्या खोऱ्यात. २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, गावात ज्याला ‘पोकरा’ म्हणतात, पंधरा जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावांत राबवला गेला. त्यांत मराठवाडा-विदर्भाबरोबर जळगाव जिल्हा आहे. बँकेचे कर्ज ४२ कोटी डॉलरचे. ठिबक, शेततळे, शेडनेट, फळबाग, विहीर यांना अनुदान, ग्रामपातळीवर कृषी संजीवनी समिती, आराखड्यात गावकऱ्यांचा सहभाग आणि अनुदान थेट बँक खात्यात, अशी त्याची रचना. १९८५ च्या कर्जाशी तुलना केली तर फरक ठळक आहे. इथे कोणी उठवले जात नाही, तक्रारीची सोय करारातच आहे, लाभार्थ्याचे नाव आणि रक्कम संगणकावर नोंदली जाते. हा बदल नर्मदेनंतरचा आहे आणि तो स्वागतार्ह आहे.

तरीही जुना प्रश्न संपलेला नाही. आधी शेतकऱ्याने स्वतः खर्च करायचा आणि मग अनुदान मिळायचे, अशी ही पद्धत आहे. हाताशी भांडवल असलेल्या बागायतदाराला ती पेलते. कोरडवाहू अल्पभूधारकाला टक्के जास्त मिळत असले तरी पहिला रुपया कुठून आणायचा हे त्यालाच ठरवावे लागते. जमीन बटाईने कसणारा आणि जमीन नवऱ्याच्या नावावर असलेली बाई या यादीत कुठे बसतात, हे पाहायला हवे. कागद नसलेला माणूस हिशेबाबाहेर राहतो हे अक्राणीत दिसले होते. चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत ते तपासले पाहिजे.

भारत स्वतः आता मदत घेण्याबरोबर देणाराही देश झाला आहे. परराष्ट्र मंत्रालयात विकास भागीदारी प्रशासन २०१२ मध्ये सुरू झाले. शेजारी देशांत आणि आफ्रिकेत भारतीय कर्जातून रस्ते, वीजप्रकल्प, धरणे होतात. दात्याच्या खुर्चीत बसल्यावर मणिबेलीचा प्रश्न भारताला स्वतःला विचारावा लागेल : ज्यांचे गाव जाणार त्यांची यादी करारापूर्वी तयार आहे का?

या अभ्यासासाठी खान्देशाइतकी योग्य जागा दुसरी नाही. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे आहे. सोमावल-रोझव्याच्या वसाहतींतल्या कुटुंबांची आणि जळगावातल्या कृषी संजीवनीच्या गावांची एकत्र, दीर्घकालीन पाहणी त्याने हाती घ्यावी. लवादाच्या ४५६ कुटुंबांपासून आजच्या यादीपर्यंत प्रत्येक नावाचे काय झाले, हे कुटुंबवार नोंदवावे. नर्मदाकाठ सोडून आलेली पहिली पिढी आता वृद्ध झाली आहे. ती हयात आहे तोवर हे काम व्हावे.